नोटिशीखाली ज्यांनी आपलं नाव लिहिलं

देशमाने मॅडमचा आणि माझा पहिला परिचय बंद दाराआडून झाला. पाटणच्या आमच्या कॉलेजात भूगोलाचा प्राध्यापक म्हणून मी रुजू झालो, त्याच दिवशी ग्रंथालय शोधत गेलो. आतून आवाज आला, "चोरीचा माल माझ्या ग्रंथालयात चालायचा नाही! आधी पूस तो!" मी जागच्या जागी थबकलो आणि, खोटं कशाला सांगू, स्वतःचेच खिसे चाचपले. दार उघडून एक विद्यार्थी पेनड्राईव्ह मुठीत धरून बाहेर सटकला. त्यात स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी कुठूनशी उतरवलेली गाणी होती. मागोमाग मॅडम आल्या. "नवीन सर का तुम्ही? या. लॅपटॉपमधलं सगळं परवान्याचं आहे ना?" चहा विचारायच्या आधी हे विचारणारी व्यक्ती मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या दिवसापासून मी मॅडमना घाबरतो. मुळात मी भित्राच माणूस आहे. बँकेचा फोन आला तरी मी तो उचलत नाही. या गौरवग्रंथात माझ्यासारख्याने लिहावं की नाही, याचाही मी बरेच दिवस विचार केला. पण मॅडमच्या साठीनिमित्त लिहायचं तर भीतीबद्दलच लिहावं लागेल, आणि त्या विषयातला माझा अधिकार कोणी नाकारणार नाही.

मॅडम मूळच्या कुंडलच्या. आमच्या ग्रंथालयात आल्या तेव्हा संगणक मोजके होते, आणि त्यांतलं निम्मं सॉफ्टवेअर परवाना न घेता, कुलूप तोडून घुसवलेलं. मॅडमनी ते सगळं काढलं. काही दिवस संगणक नुसतेच बसून होते आणि आम्ही सगळे त्यांच्यावर चिडून होतो. मग एकेका संगणकावर जगभरातल्या लोकांनी सर्वांसाठी खुलं ठेवलेलं सॉफ्टवेअर आलं. कितीतरी कंपन्या विद्यार्थ्यांना आपलं सॉफ्टवेअर फुकट देतात, फक्त कॉलेजचा ईमेल लागतो, हा शोध मॅडमनीच लावला. आमच्या मुलांना तो ईमेल कोणी दिलेलाच नव्हता. त्यासाठी मॅडम ऑफिसशी इतक्या भांडल्या की हेडक्लार्क त्या दिसल्या की चहाला निघून जायचे. शेवटी प्रत्येक मुलाला ईमेल मिळाला.

गाणी आणि चित्रफितींसाठी मॅडमनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत परवान्यांचं मराठी केलं: 'वापरा, पण करणाऱ्याचं नाव सांगा.' 'वापरा, पण विकू नका.' 'वापरा, पण बदलू नका.' शेजारी ही गाणी, व्याख्यानं, जुनी पुस्तकं कुठं मिळतात ते पत्ते. मेढ्याच्या डोंगरातून आलेली, इंग्रजी पाहून बिचकणारी पोरंसुद्धा तिथं उभी राहून वाचायची. आम्ही म्हणायचो, "मॅडम, एवढं कोण बघतंय?" त्या म्हणायच्या, "कोणी बघत नाही तोवर सगळेच सज्जन." हाच न्याय या ग्रंथालाही लागला. मुखपृष्ठासाठी संपादकांनी इंटरनेटवरून समईचा सुरेख फोटो घेतला होता. मॅडमना कुणकुण लागली आणि स्वतःच्याच गौरवग्रंथाचं मुखपृष्ठ त्यांनी परत पाठवलं! आता जी समई दिसते ती आमच्या शिपाईमामांच्या घरची आहे, आणि फोटोखाली त्यांच्या सुनेचं नाव आहे.

मॅडम कडक आहेत, तितक्याच मायाळूही आहेत. माझ्या मुलीला चित्रकलेसाठी महागडं सॉफ्टवेअर हवं होतं आणि वर्गातल्या कोणीतरी तिला 'फुकटातलं' देऊ केलं होतं. मॅडमना कळल्यावर त्या रविवारी घरी आल्या, खुलं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि पोरीला त्यात पहिलं चित्र काढता येईस्तोवर उठल्या नाहीत. जेवायला पिठलं-भाकरी होती. "खर्डा नाही का?" एवढीच त्यांची तक्रार.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात जवान निवृत्त होऊन आला की गाव त्याला वेशीपासून मिरवत आणतं. उघडी जीप, रांगोळ्या, घराघरांतून ओवाळणी. आमची विद्यार्थिनी स्वप्नाली हिचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा गावानं अशीच मिरवणूक काढली. पोरीनं तिची चित्रफीत केली, वर एक गाजलेलं देशभक्तीचं गाणं चढवलं आणि ग्रंथालयाचं इंटरनेटवर चित्रफितींचं चॅनेल होतं, त्यावर टाकली. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पासवर्ड तिच्याकडे होता. मॅडम तेव्हा भाच्याच्या लग्नाला कुंडलला गेल्या होत्या, नाहीतर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिथं काही चढत नसे. चित्रफीत लाखभर लोकांनी नाही पाहिली, पण पाहायला नको होती त्यांनी नेमकी पाहिली. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीच्या वकिलांची नोटीस ईमेलनं आली. त्यात 'फौजदारी कारवाई' असे दोन शब्द होते.

हे दोन शब्द आमच्याकडे काय करतात ते बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. स्वप्नाली पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पार करून बसली होती. राहिली होती चारित्र्य पडताळणी. अंगावर केस पडली की भरती गेली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्या धास्तीनं इथली पोरं बाजारात भांडण लागलं तर उलट्या दिशेनं पळतात. स्वप्नाली ग्रंथालयात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

तिच्या हातात स्टँडवरच्या मोबाइल दुकानाची पावती होती. "मॅडम, मी फुकट न्हाई घेतलं वं. पैसे देऊन पेनड्राईव्ह भरून घेतलाय. गाणी बी आनी एडिटिंगचं सॉफ्टवेअर बी. ही बघा की पावती!"

मी कपाळावर हात मारला. पण ही एकट्या स्वप्नालीची चूक नव्हती. दुकानदाराला पैसे दिले म्हणजे माल आपला झाला, असं अख्खा तालुका धरून चालतो. दुकानदारानं तो कुठून आणला हे विचारायची रीतच नाही. मॅडमनी पावती वाचली आणि तिला परत दिली. "बाळा, ज्याचं गाणं आहे त्याला यातलं काही पोचलं नाही. ही पावती तुझ्या बाजूची नाही."

तेवढ्यात सुभेदार आले. ताठ, मिशीवाला माणूस, पण खुर्चीच्या पाठीला धरून उभे. "आवं मॅडम, बॉर्डरवर समोरचा दिसतो तरी. हितं त्या मेलच्या पल्याड कोन बसलंय त्येच कळंना. माज्या मिरवणुकीपायी पोरीचं वाटुळं व्हायचं हो." इतकं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

'घाबरू नका' असं मॅडम म्हणाल्या नाहीत. मी मात्र मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, म्हणा हो, खोटं का होईना, म्हणा! त्या म्हणाल्या, "केस होऊ शकते. अजून झालेली नाही. त्या दोन्हींच्या मधे जेवढा वेळ आहे तेवढ्यात काम करायचं."

तेव्हाच्या प्राचार्यांचं मत वेगळं होतं. चित्रफीत उडवावी, चॅनेल बंद करावं आणि कोणी विचारलंच तर विद्यार्थिनीनं परस्पर केलं असं सांगावं. मॅडमचा आवाज चढला. "पुसलं म्हणून केलं नाही असं होत नाही, सर. आणि परस्पर कसं? पासवर्ड मी दिला होता." चित्रफीत त्यांनी उतरवलीच, पण लगेच उत्तर लिहायला बसल्या. काय झालं, कसं झालं, गाणं कुठून आलं, सगळं सरळ लिहिलं. सॉफ्टवेअरबद्दल नोटिशीत अवाक्षर नव्हतं, तरी तेही चोरीचं होतं हे लिहिलं. झाल्याबद्दल माफी मागितली. आणि खाली लिहिलं, 'या चॅनेलची जबाबदारी माझी आहे,' आणि स्वतःचं पूर्ण नाव. स्वप्नालीचं नाव त्या पत्रात कुठंही नव्हतं.

मी न राहवून म्हणालो, "मॅडम, निवृत्ती तोंडावर आलीय तुमची. उद्या चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. कशाला विस्तवात हात घालताय?" मॅडमनी पत्र पुन्हा एकदा वाचून काढलं. "भीती वाटत नाही असं वाटलं का तुम्हाला? लय वाटते. पण ती पोर काय म्हणून एकटी घाबरेल?" आणि त्यांनी ते पत्र पाठवून दिलं.

मग वाट पाहणं सुरू झालं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. ग्रंथालयात फोन वाजला की तिथं बसलेल्या सगळ्यांच्या माना वळायच्या. पोलिसांची गाडी कॉलेजवरून दुसऱ्याच कामाला गेली तरी मी खिडकीशी जाऊन ती वळेपर्यंत बघत राहायचो. स्वप्नालीनं जेवण टाकलं होतं. सुभेदार रोज येऊन फाटकाशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत. मॅडम पुस्तकं देत-घेत राहिल्या, पण दोनदा चुकीचा शिक्का मारला, आणि असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

अशात एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "नुसतं बसून जीव जाईल हिचा." आणि स्वप्नालीला आणि मला गाडीत घालून आटपाडीच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथं एक धनगर मंडळ गजी नाचाचा ढोल वाजवतं. मिरवणुकीच्या चित्रफितीला तो ढोल लावायचा, असा त्यांचा बेत. मंडळाचे म्हातारे म्होरके बिरूबा हसायला लागले. "आवं बाई, ढोल काय इचारून वाजवत्यात व्हय? घ्या की लागंल तेवढा!"

"तसं नको, अण्णा. तुमचा ढोल आहे. कुठं लावणार, कोण ऐकणार, ते ऐकून घ्या आणि मग हो म्हणा. तुमच्या सगळ्यांची नावं खाली येतील."

मग बिरूबांनी एकेका गड्याला पुढं बोलावून नाव सांगायला लावलं, आणि प्रत्येक जण पटका सारखा करून नाव सांगत होता. स्वप्नाली ते टिपून घेत होती. ढोल सुरू झाला तेव्हा पोरगी कितीतरी दिवसांनी रडली. बिरूबांच्या मालकिणीनं तिला जवळ घेऊन भाकरी खायला लावली. "खा गं बाय. उपाशी पोटाला भ्या जास्ती लागतं."

उत्तर आलं तेव्हा मी ग्रंथालयातच होतो. मॅडमनी ईमेल उघडला आणि ओठ न हलवता वाचू लागल्या. मला विचारायचं धाडस होईना. स्वप्नाली दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होती. शेवटी मॅडमनी चष्मा काढला. कंपनीनं नोटीस मागे घेतली होती. पुन्हा असं झाल्यास सोडणार नाही, ही समजही दिली होती. "पुन्हा नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मटकन खाली बसल्या. आम्हाला वाटलं चक्कर आली. पाणी प्यायल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? "स्वप्ने, ते कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर अजून आहे ना तुझ्या लॅपटॉपवर? काढ माझ्यासमोर!" फाटकाशी उभ्या सुभेदारांना सांगायला मी पळत गेलो. त्यांनी मला कडकडून मिठी मारली. माझी बरगडी आठवडाभर दुखत होती.

ढोल लावलेली मिरवणूक चॅनेलवर चढली, खाली सगळ्या गड्यांची नावं घेऊन. स्वप्नालीची पडताळणी निर्वेध पार पडली. ती आज खाकी वर्दीत आहे. या ग्रंथासाठी तिला लिहायला सांगितलं तर म्हणाली, "सर, मला न्हाई जमायचं. रडू येतं." म्हणून तिच्याही वतीनं हे लिहितोय.

महिनाअखेर मॅडम निवृत्त होताहेत, आणि ते चॅनेल कोणाच्या तरी नावावर करायला हवं होतं. सगळ्यांना सोडून त्यांनी मला बोलावलं. मी हात जोडले. "मॅडम, मी भित्रा माणूस. दुसरं कोणी बघा." "भीती वाटते?" "लय." "मग तुम्हीच," त्या म्हणाल्या. "ज्याला वाटत नाही, तो पोरांना पुढं करून मागं उभा राहील." मी सही केली. तेव्हापासून मला नीट झोप नाही, हे या गौरवग्रंथात नोंदवून ठेवतो.

मॅडम, तुम्हाला उदंड, निरामय आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि आवाज असाच चढा राहो. हे मी निव्वळ स्वार्थापोटी मागतो आहे. आज ना उद्या अशी नोटीस पुन्हा येईल, एखादं पोर पांढऱ्या ओठांनी माझ्यासमोर उभं राहील, आणि खाली नाव लिहायची पाळी माझी असेल. तेव्हा मी तुम्हाला फोन करीन. 'घाबरू नका' म्हणू नका, मॅडम. फक्त मी नाव लिहून होईस्तोवर फोन ठेवू नका.