नर्सिंग होस्टेलमधली हलकी मिसरी

"डॉक्टरीणबाई, तुमच्या औषधापायी पोरी ड्यूटीला उशिरा यायल्यात. नळावरनं कुणी हलंना!" होस्टेलच्या मेट्रन माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या.

औषध म्हणजे आम्हीच वाटलेली मिसरी. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बोटानं हिरड्यांवर चोळतात, ती मिसरी. सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात दातांची डॉक्टर होते. नर्सिंगच्या मुलींची तपासणी चालली होती. तंबाखू घेतेस का विचारलं, की प्रत्येकीचं उत्तर "न्हाय". राधानगरीकडची शालन तर चिडलीच.

"तंबाखू बाप्ये खात्यात, बाई!"

पण तिच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. दुर्लक्ष केलं तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, असा.

"दात कशानं घासतेस?"

"मिसरीनं की. त्यात काय?"

आमच्या विभागप्रमुख सरांना कल्पना सुचली. निकोटिन म्हणजे तंबाखूतला चटक लावणारा अंश. तो हळूहळू कमी केला तर सवय सुटेल. मुलींना सगळं सांगून आम्ही डब्या दिल्या. दर आठवड्याला तंबाखू थोडी कमी, बदामाच्या टरफलांची राख थोडी जास्त. मुली तक्रार करीनात. सर खूश होते.

मेट्रन येऊन गेल्यावर दुसऱ्या सकाळी मी नळावर गेले. शालन अर्धा तास घासत होती.

"अगं, इतका वेळ?"

"मग काय करू? तुमच्या मिसरीला दमच न्हाय. तलफ भागस्तवर घासाय नको व्हय?"

मी तिला आरशात चट्टा दाखवला.

"ह्यो जाईल?"

"सोडलीस तर बहुतेक जाईल."

"मग कमी-कमी कशाला? बंदच करतो."

तीन दिवस तिचं डोकं ठणकलं. पेशंटवर ओरडली, मेट्रनवरसुद्धा. मेट्रननी तिला बँडेज वळायला बसवलं, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. काही महिन्यांत चट्टा गेला. काही जणींनी तिच्यामागं मिसरी सोडली, काही जणी मला बघून डबी लपवू लागल्या.

रिपोर्टात मी लिहिलं, निकोटिन कमी केल्यावर मिसरी घासण्याचा वेळ वाढतो. मोठ्या ऐटीत शालनला वाचून दाखवलं.

"एवढ्यापायी इतकी खटपट? मला इचारलं असतंसा तर पयल्याच दिवशी सांगितलं असतं की!"

तेव्हापासून कुठलाही प्रयोग आखण्याआधी मी चार पोरींना चहाला बोलवायचे.