सासुरवाडीला सगळ्यात भारी रबर

माझ्या सासूबाई लग्नानंतरची सात वर्षं माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि बोलल्या तेव्हा पहिला शब्द निघाला, "धरा."

भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत, एवढंच. मी हाताच्या अंतरावर बसलेलो असलो तरी मामी, म्हणजे सासूबाई, डोक्यावरचा पदर पुढं ओढून माझ्या बायकोला सांगणार, "सुवर्णा, त्यांना म्हन, भात घ्या अजून." मग सुवर्णा मला सांगणार, "भात घ्या अजून." मी सुवर्णाला सांगणार, "बास म्हणावं." (तोवर भात ताटात पडलेला असायचा.) असं सात वर्षं सुरळीत चाललं होतं. ते मोडलं एका रबराच्या चकतीनं, आणि ती चकती मीच लातूरहून नेली होती.

माझा धंदाच चकत्यांचा. लातूरला एमआयडीसीच्या तोंडाशी माझं गॅस्केट आणि सीलचं दुकान आहे. दोन पाइप जोडतात तिथून गळू नये म्हणून मधे जी चकती दाबून बसवतात, ती गॅस्केट. दाळमिलवाले येतात, तेलमिलवाले येतात, काउंटरवर कोपर टेकून म्हणतात, "एक चांगलं गॅस्केट द्या." या वाक्याचा मला भयंकर राग आहे. चांगलं म्हणजे काय? मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. आतून काय जाणार? किती गरम जाणार? किती दाबानं जाणार? तेल असेल तर नायट्राईल रबर. गरम पाणी नाहीतर वाफ असेल तर ईपीडीएम. ईपीडीएमला तेलाजवळ फिरकू द्यायचं नाही, ते तेल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सुवर्णा म्हणते मी झोपेतही सांगतो.

सासुरवाडी लोह्याजवळच्या एका खेड्यात. मामा, म्हणजे सासरे, शेती बघतात, पण घरात चालतं मामींचं. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर करडीचा लाकडी घाणा टाकलाय. मागच्या खोलीत चौथऱ्यावर स्टीलची मोठी टाकी, तिच्या बुडाशी आखूड पाइप, आणि त्या पाइपाला चार बोल्टांनी आवळलेली तोटी. त्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात गावात हरिनामाचा सप्ता बसणार होता आणि महाप्रसादाच्या तेलाची ऑर्डर पहिल्यांदाच मामींना मिळाली होती. दहा डबे. आजवर हे तेल नांदेडहून यायचं. गावातल्या एका बाईच्या घाण्याचं तेल साऱ्या पंचक्रोशीच्या पंगतीला जाणार, म्हणून मामी महिनाभर धड झोपल्या नव्हत्या.

धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चैन. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, जावयाला जेवायला बोलावतात, पाय धुतात, नवे कपडे, पुरण भरलेले धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि विष्णूला कुणी चूक म्हणत नाही. माझी सगळी वाट लावली ती या रिवाजानं.

झालं असं की जेवणाच्या आठ दिवस आधी सुवर्णाला माहेरी सोडायला गेलो. टाकी धुऊन रिकामी ठेवलेली होती. सहज वाकून बघितलं तर तोटीच्या सांध्यात साधं काळं नायट्राईल. लोह्याच्या हार्डवेअरवाल्यानं दिलेलं, कडेला वेडंवाकडं कापलेलं. माझी मान खाली गेली. मी गॅस्केटचा दुकानदार, आणि माझ्या सासुरवाडीच्या टाकीला असलं फडतूस रबर?

"मामा, हे कुणी बसवलं?"

"लोह्याहून आनलंय. गळत न्हाई पर."

"गळण्याचा प्रश्न नाही मामा. इज्जतीचा प्रश्न आहे."

गाडीच्या डिक्कीत दुकानातला सगळ्यात भारी माल होता. इंपोर्टेड ईपीडीएम, बॉयलरच्या लाइनीला लागतं ते. सासुरवाडीला काय स्वस्तातलं देणार? मी तिथल्या तिथं चकती कापली, जुनी काढून फेकली, नवी बसवली. आतून काय जाणार, हा प्रश्न मी विचारलाच नाही. (समोर घाणा होता. खोलीभर करडीचा वास होता. तरी नाही.) वर टाकीत पाणी भरून चाचणीही दाखवली. एक थेंब गळला नाही. पाण्यासाठीच जन्मलेलं रबर ते, गळेल कशाला!

पदराआडून मामी म्हणाल्या, "सुवर्णा, त्यांना इचार, तेलाला चालतंय न्हवं?"

"चालतंय का विचारते आई."

"त्यांना म्हणावं, दहा वर्षं बघायला नको."

दोन दिवसांनी, टाकीत तेल भरल्यावर, सुवर्णाचा फोन आला. "आवो, तोटीपाशी ओलं दिसून राहिलंय."

"नवं गॅस्केट अंग धरायला आठ दिवस घेतं," मी म्हणालो. असा काही नियम नाही. मी तो फोनवरच तयार केला.

धोंड्याच्या दिवशी पोचलो. मामांनी माझे पाय धुतले, हात धुतले, गंध लावलं. नवा पांढराशुभ्र शर्ट घातला, धोतर नेसवलं. मी पाटावर बसणार तेवढ्यात मागच्या खोलीत नजर गेली. तोटीखाली पातेलं. पातेल्याशेजारी भरलेली कळशी. कळशीशेजारी बादली. सगळीकडं तेल.

"हे कधीपासून?"

मामांनी वाकून पातेलं सरळ केलं. सुवर्णा म्हणाली, "सा दिवस झाले. आई रात्री दोनदा उठून पातेलं बदलते."

"मग बदलायचं ना गॅस्केट!"

"जावयानं बसवलेलं कसं काढावं?" मामा हळूच म्हणाले. "त्यात धोंड्याचा महिना."

खरं सांगतो, मला तिथंच रडू यायचं बाकी होतं. माझं मन राखायला ती बाई सहा दिवस थेंब झेलत बसली होती, आणि तासाभरात सप्त्याचे लोक डबे न्यायला येणार होते. पण रडण्याऐवजी मी पाना मागितला.

चकती फुगून सांध्याच्या बाहेर आली होती. माझ्यातल्या तज्ज्ञानं ठरवलं की बोल्ट आवळले की काम होईल. पहिला आवळला, थेंबाची धार झाली. दुसरा आवळला, धारेच्या चार धारा झाल्या. तिसऱ्याला मऊ पडलेलं रबर फाटून बाहेर आलं आणि तेल थेट माझ्या नव्या शर्टावर. घाबरून मी उलटीकडून बोल्ट सोडायला लागलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. चारही सुटले आणि तोटी माझ्या मांडीवर पडली.

आता पाइपाचं तोंड उघडं आणि मागं टाकीभर तेल. तेवढ्यात कुणीतरी पदर मागं टाकून माझ्या अगदी कानाशी ओरडलं.

"धरा!"

मी तळहात दाबला. तेल थांबलं. मान वळवून बघितलं तर मामी. आम्ही दोघंही एक क्षण एकमेकांकडं बघतच राहिलो. मग त्या जरा सावरून म्हणाल्या, "सुवर्णा, त्यांना म्हन, हात काढू नका."

"हात काढू नका," सुवर्णा म्हणाली.

"ऐकलं मी."

ओसरीवर भाऊबंद जेवायला खोळंबलेले. जावयानं घास घेतल्याशिवाय पंगत सुरू होत नाही, आणि जावई टाकीला चिकटलेला. शेवटी ओवाळणीचं ताट मागच्या खोलीतच आलं. मामा म्हणाले, "दिवा जरा लांबून ओवाळा, मानूस तेलात हाय." सुवर्णानं धोंडा तुपात बुडवून मला भरवला. मामांनी ओसरीकडं तोंड करून पुकारा केला, "घेतला घास. बसा जेवायला."

त्यात सप्त्याचे गोविंदतात्या टेम्पो घेऊन दारात. तात्या म्हणजे सप्त्याचा सगळा कारभार बघणारा माणूस, बारीक नजरेचा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मामींचा चेहरा उतरला. महिन्याची मेहनत, आणि हा तमाशा नेमका यांच्यासमोर.

"हे काय करून राहिले?" तात्यांनी विचारलं.

मग मामींनीच पदर खोचला. "डबे भरायचेत न्हवं? आना पहिला." डबा माझ्या हाताखाली सरकला. "सोडा," मामी म्हणाल्या. मी हात काढला. डबा काठोकाठ आला. "धरा." मी हात लावला. मामांनी डबा ओढला, दुसरा सरकवला. "सोडा." "धरा." सुवर्णाच्या मधल्या निरोपाला आता वेळच नव्हता.

तिसऱ्या डब्याला तात्यांनी शंका काढली. "परसादाचं तेल हाय. हात सोवळा हाय का?"

"आताच मी सोता धुतलाय," मामा म्हणाले. "धोंड्याचा जावई हाय. याच्याहून सोवळा हात कुठून आनायचा?"

तात्यांना ते पटलं. नववा डबा भरता भरता टाकी संपली. दहावा मामींनी पातेलं, कळशी आणि बादलीतून गाळून पुरा केला. सहा दिवस झेललेला थेंबन् थेंब त्यात होता. माझ्या शर्टावर आणि जमिनीवर गेला तेवढाच काय तो वाया. जाताना तात्या म्हणाले, "पुढच्या साली बी तुमचंच तेल, वैनी." मामी दाराआड जाऊन डोळे पुसत होत्या. मीही पुसले, तर डोळ्यात करडीचं तेल गेलं.

मग मामी हळदीचा डबा घेऊन आल्या. आत कागदात गुंडाळलेलं, लोह्याच्या हार्डवेअरवाल्याचं ते वेडंवाकडं नायट्राईल. मी फेकल्यावर त्यांनी उचलून, धुऊन ठेवलं होतं. पाच मिनिटांत बसलं. आजवर गळलेलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी त्या हार्डवेअरवाल्याकडं जाऊन विचारलं, हे कसं काय निवडलं? तो म्हणाला, "काही न्हाई. बाईला इचारलं, आतून काय जानार?"

आता पुन्हा धोंड्याचा महिना आलाय. परवा मामींचा फोन आला, थेट मला. "जावईबापू, जेवायला या. येताना काही आनू नका." आणि फोन ठेवता ठेवता, "आन काही बसवू नका."

मी हो म्हणालो. दुकानात अजून कुणी विचारलं, तेलाला काय चांगलं, तर मुकाट नायट्राईल काढून देतो. पण माझ्या अनुभवात तेलाला सगळ्यात पक्कं बसलेलं गॅस्केट म्हणजे माझा उजवा तळहात. फुगत नाही, फाटत नाही, दहा डब्यांचा दाब आरामात सोसतो. फक्त मधून मधून त्याच्या मालकाला धोंडा भरवावा लागतो.