पाहून येऊ

मोठी बाई गेली, असा निरोप सेलूहून आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "एकटीच होती का?" कारण एकटं राहायला ती फार भ्यायची. माझी ही थोरली जाऊ पालीला भ्यायची, बसच्या हॉर्नला भ्यायची, तार आली की न उघडताच रडायला लागायची. आम्ही सारे तिला भित्री भागूबाई म्हणायचो. मी तर जरा जास्तच.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, मास्तरकीतून निवृत्त झाले त्या वर्षीची गोष्ट; तेव्हा आम्ही सारे सेलूच्या घरी एकत्रच राहत होतो. शेअरचं वेड तेव्हा आमच्याकडे नुकतंच शिरलं होतं. एक एजंट कागद कारखान्याचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी आला. वर धूर सोडणारी चिमणी, खाली 'उत्पादन जोरात सुरू'. भाऊजी फंडाचा सगळा पैसा त्यात घालायला निघाले. मूलबाळ नाही, म्हातारपणाला दुसरा आधार नाही... मोठ्या बाईच्या घशाखाली घास उतरेना. सोमवारी फॉर्म जायचा होता. शनिवारी तिनं दारामागची छत्री काढली नि मला म्हणाली, "सुमन, चाल वं. पाहून येऊ."

अल्लीपूरच्या पुढं एका फाट्यावर आम्ही उतरलो. वाटभर तिनं माझा दंड सोडला नाही. फाटकाशी चौकीदार होता. मी जरा मोठ्यानं विचारपूस करायला लागले, तसं त्यानं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला बाई, वर आग्या मोहोळ हाय."

मी वर पाहिलं. चिमणीच्या तोंडालाच काळं, सुपाएवढं मोहोळ लोंबत होतं. मी पळायच्या बेतात, आणि ही भागूबाई मात्र खिळल्यासारखी उभी! "सुमन," ती कुजबुजली, "धूर निघत असता तं माश्या राह्यल्या असत्या का वं?"

तेवढ्यात जीप आली. आतल्या माणसानं विचारलं, "कोणी पाठवलं तुम्हाला?" आम्ही फाट्याकडे निघालो, तर जीप हळूहळू मागं. छत्री उघडून ती पाठीवर धरून चालत होती. जणू छत्रीनं काही अडणार होतं... बस आली तेव्हा मीही त्या छत्रीआड शिरले होते.

घरी भाऊजी भडकले. "तू तं भेतेच!"

"भेतो म्हणूनच पाहाले गेली," ती रडत म्हणाली. "तुमी नाई भेत, म्हणून घरीच बसले."

फॉर्म गेला नाही. भाऊजींनी चिडून तो कपाटात टाकून दिला. पुढं कळलं, तो कारखाना कधी सुरू झालाच नव्हता. गल्लीतल्या एका घराचा पैसा बुडाला, तेव्हा मोठी बाई त्यांच्या दारावरून जायलाही भ्यायची. "मले ठाऊक होतं. मी काऊन नाई सांगतलं त्यायले?" शेवटपर्यंत तिला ते लागून राहिलं.

तेरावं झाल्यावर भाऊजींनी ती छत्री माझ्या हातात दिली. आता आमच्या घरात भिणारं कुणी उरलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

परवा आमचे हे असंच एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. "सही कर," म्हणाले. मी दारामागची छत्री काढली.

"चला," मी म्हटलं, "पाहून येऊ."