डबल बारची सायकल

कुठली सायकल घ्यावी, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, मागं कोण बसणार आहे? समोरचा हसतो. त्याला टायर, ब्रेक, उंची असलं काही ऐकायचं असतं. तेही मला सांगता येतं, पण मी सांगत नाही. सायकल चालवणाऱ्याच्या मापाने घ्यायची असते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आमच्या घरी मात्र ती तशी घेतली गेली नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची बदली झाली ती थेट पालीच्या पुढं, राजगडाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. वेल्ह्याची एसटी होती, पण ती तिच्या मर्जीने यायची आणि वाडीच्या बाजूला तर वळायचीच नाही. डांबरी सोडली की बैलगाडीची वाट, मग ओढा, मग दगडगोट्यांचा चढ. वाडीत वडिलांना खोली मिळाली नाही. का मिळाली नाही, हे आम्हा बौद्धांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती आणि वडीलही त्यावर तोंड उघडत नसत. ते शाळेतच पथारी टाकायचे, हाताने भाकरी थापायचे आणि आठवड्याने घरी यायचे. भाकरी काही त्यांना जमली नाही. शनिवारी आले की ते आधी जेवायला बसत आणि आई समोर बसून नुसती त्यांच्याकडं बघत राही.

सायकल असली तर ते रोज संध्याकाळी घरी येऊ शकणार होते. नवी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून एका मंगळवारी, भोरच्या बाजाराच्या दिवशी, आई, वडील आणि मी असे तिघं भोरला गेलो. तिथं तासावर सायकली भाड्याने देणारा एक दुकानदार जुन्या सायकली विकायचाही. मी तेव्हा चौथीत असेन.

दुकानदाराने तीन सायकली पुढं काढल्या. पहिली वाकड्या हँडलची, बारीक टायरची. कॉलेजातल्या पोरांची. तिच्याकडं वडिलांनी बघितलंसुद्धा नाही. बैलगाडीच्या वाटेवर तिचं चाक दोन दिवसांत आठाच्या आकाराचं झालं असतं. दुसरी साधी काळी, एका नळीची, टायर बऱ्यापैकी रुंद. वडिलांनी तिच्या नळीखाली खांदा घातला आणि ती अलगद उचलली. दुकानात उभ्याउभ्या चार पावलं चालूनही बघितलं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की सायकल अशीच खांद्यावर टाकून पलीकडं न्यायची असते. रोड आणि रान दोन्ही करणाऱ्या माणसाला सायकलवर बसता येऊन भागत नाही, सायकलला आपल्यावर बसवता यावं लागतं. वडिलांचा चेहरा खुलला होता.

"गुरुजी, हीच न्या," दुकानदार म्हणाला. "तुमच्या वाटंला हिच्यापरीस चांगली न्हाई गावायची. फकस्त मागं वझं लादू नका. हिचा क्यारिअर नावाला हाय."

तिसरी दूधवाल्याकडून आलेली होती. डबल बार, म्हणजे वर दोन नळ्या, जाड आरे, मागं लोखंडी पट्ट्यांचं हे एवढं कॅरिअर. किंमत दुसरीइतकीच. वडिलांनी ती उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. मग त्यांनी आईकडं पाहिलं. आई दुकानाच्या पायरीखाली उभी होती, डोक्यावरचा पदर दोन बोटांनी धरून, आणि मुद्दाम रस्त्याकडं बघत होती.

आईचं माहेर भोरच्या बाजूला, खिंडीपलीकडच्या एका गावात होतं. तिकडं एसटी नव्हती. पायी गेलं तर जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस. तिची आई डोळ्यांनी पार अधू झाली होती आणि एकटीच राहायची. आई वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाऊन यायची आणि आल्यावर बरेच दिवस गप्प असायची. तिने वडिलांना कधी म्हटलं नव्हतं की मला न्या. 

"ही घेतो," वडील डबल बारच्या सायकलीवर हात ठेवून म्हणाले.

"आवं, ही वड्यातनं खांद्याव न्हेनार व्हय तुमी?" दुकानदाराने विचारलं.

"शाळेची पुस्तकं असतात, खडूच्या पेट्या असतात. कॅरिअर भक्कम लागतं."

पुस्तकांना दूधवाल्याचं कॅरिअर लागत नाही हे चौथीतल्या मलाही कळत होतं. दुकानदारालाही कळलं असावं, कारण त्याने हवा भरताना दोन्ही चाकांपैकी मागचं चाक पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. आई वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

त्यानंतरची काही वर्षं आमच्या घराची सगळ्यात चांगली. वडील रोज घरी यायला लागले. पावसाळ्यात ओढ्यापाशी त्यांचे हाल होत. ते धूड खांद्यावर पेलायचं नाही म्हणून ते दोन्ही हातांनी छातीशी धरून पाण्यातून नेत आणि पलीकडं गेल्यावर बराच वेळ एका दगडावर बसत. हे आम्हाला वाडीतल्या लोकांकडून कळायचं. घरी ते म्हणायचे, सायकल म्हणजे हत्ती आहे, मरेपर्यंत बघायला नको.

आणि रविवारी आई माहेरी जायची. महिन्यातून एकदा तरी.

आता इथं एक सांगितलं पाहिजे. नवऱ्याच्या मागं सायकलवर बसून गावातून जायचं, हे तेव्हा आमच्याकडं चालत नव्हतं. लोक हसत. त्यातून गुरुजी आणि गुरुजीची बायको. म्हणून आई आमच्या गावच्या वेशीपर्यंत पायी जायची, वडिलांच्या मागं चांगलं अंतर ठेवून, आणि वेशीबाहेर गेल्यावर बसायची. पुढचं गाव आलं की उतरायची. ते गाव पदर सावरत चालून पार करायची आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा बसायची. सुट्टीत मीही खिंडीपर्यंत सोबत पळत जायचे, म्हणून हा खेळ मी डोळ्यांनी बघितलाय. आमच्याकडची गावं असतात सपाटीला, पाण्याच्या कडेला. गाव संपलं की चढ. म्हणजे जिथं सायकल आपोआप पळाली असती तिथं आई चालायची आणि जिथं रिकामी सायकल चढवताना माणसाला फेस यावा तिथं ती मागं बसलेली असायची. मला त्याचं हसू यायचं. मी म्हणायचेसुद्धा, आई, उलटं कर की! वडील म्हणायचे, "गप गं. बसू दे तिला." चढ फारच झाला की ते खाली उतरत, पण आईला उतरू देत नसत. ती तशीच बसलेली आणि ते हँडल धरून ढकलताहेत. खिंडीत वारा लागला की दोघंही दरीकडं बघत उभे राहत.

वडील गेले ते एका सोमवारी, चैत्रात. शाळेला निघाले होते. ओढा कोरडा होता, तो त्यांनी पार केला आणि चढाच्या मध्यावर थांबले. सायकल त्यांनी नीट स्टँडवर लावली होती. स्वतः करवंदीच्या जाळीला टेकून बसले होते. गुरं घेऊन आलेल्या बाईला वाटलं, गुरुजी इसावा घेत्यात. तिने हाक मारली आणि मग ती ओरडत वाडीकडं पळाली. ज्या वाडीने त्यांना खोली दिली नव्हती, त्याच वाडीतल्या माणसांनी त्यांना घोंगडीत घालून खाली आणलं. मी त्यांचे उपकार मानले आणि त्यांचा रागही केला. दोन्ही मनात आहे अजून.

वेल्ह्याचे डॉक्टर म्हणाले, हृदय लहानपणापासूनच अधू असणार, कुणाच्या लक्षात आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत होते, जणू सांगितलं की दुःख कमी होणार होतं. आई ऐकायची आणि उठून आत जायची. सायकल आईच्या चुलतभावाने नेली. नेताना आई घरातून बाहेर आली नाही.

मग माझं लग्न झालं आणि मी किकवीला आले. तोवर सत्तरचं दशक सरत आलं होतं. बायका नवऱ्याच्या मागं भर बाजारातून सायकलवर जात होत्या आणि कुणी मान वळवूनही बघत नव्हतं. आई अधूनमधून माझ्याकडं यायची. तिचे गुडघे गेले होते. हायवेला एसटीतून उतरल्यावर आमच्या मळ्यातल्या घरापर्यंत बरीच चाल पडायची, म्हणून माझा नवरा सायकल घेऊन जायचा. दर वेळी तो सायकल घेऊन जायचा आणि दर वेळी आई तिच्यावर पिशवी ठेवून पायी यायची. तो बिचारा हसण्यावारी न्यायचा. सासूबाईंना लाज वाटते म्हणायचा.

एकदा भर उन्हाळ्यात मीही त्याच्याबरोबर गेले. आईला धड उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, बस. ती म्हणाली, येते चालत. माझं डोकं फिरलं. रस्त्यावरच मी आवाज चढवला.

"आता कुणाची लाज वाटते तुला? कोण बघतंय इथं? गुडघ्याची वाटी सरकायची राहिलीय का अजून?"

"लाज न्हाई वाटत."

"मग काय झालं? डॉक्टर काय म्हणाले होते ते किती वेळा सांगू तुला? त्यांचं हृदय आधीपासनंच..."

"डागदर चढाला न्हवता," आई म्हणाली. "मागं म्या बसल्याली व्हते. मला त्यांचा दम ऐकू यायचा. दर चढाला ऐकू यायचा."

मी म्हटलं, "ते तुला उतरू देत नव्हते. मी बघितलंय."

"व्हय. पर मला बी उतरायचं न्हवतं. लई ग्वाड वाटायचं गं."

एवढं बोलून तिने पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. ऊन रखरखत होतं. ती पुढं निघाली आणि आम्ही दोघं सायकल हातात धरून तिच्या चालीने मागून चालत राहिलो.