सुनेचा निवडुंग

काटेरी झाड घरात ठेवलं की घरात कटकट होते, असं मी सुनेला तोंडावर म्हटलं होतं. ती ऑफिसातून वाटीएवढ्या कुंडीत गोल निवडुंग घेऊन आली, त्या दिवशी. पुढे जी कटकट झाली ती झाडाने नाही, माझ्या जिभेने केली. दोन महिन्यांत मुलगा आणि ती नवघरला भाड्याने राहायला गेले. आमच्या बेव्हर्ली पार्कहून रिक्षाने वीस मिनिटं. मुलगा अधूनमधून येतो. ती येत नाही.

निवडुंग मात्र आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्येच राहिला, तुळशीशेजारी. विसरली की मुद्दाम ठेवला, देव जाणे. तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी घरात परत आणायचं नाही, ही आमच्या सासरची रीत. ते मी रोज निवडुंगाला घालू लागले. अगदी प्रेमाने हो! तिला कधी दोन गोड शब्द दिले नाहीत, निदान तिच्या झाडाला पाणी तरी.

एके सकाळी बघते तर बुडाशी पिवळा पडलेला. बोट लावलं तर पिकल्या पपईसारखा मऊ, आणि काट्यांच्या मधे पांढरा कापूस. हा गेला तर तिचं म्हणून या घरात काहीच उरणार नव्हतं.

मानपान गुंडाळून ठेवला आणि तिला फोन लावला. गेल्यापासूनचा पहिलाच. "तुझं झाड मरतंय," एवढंच म्हटलं.

"आई, पाणी किती घालता?"

"रोज. अर्धा तांब्या."

"अगं बाई! अहो आई, त्याला पंधरा दिवसांतून एकदा लागतं."

तो कापूस म्हणजे कीड निघाली. ती सांगत गेली, मी करत गेले. केमिस्टकडे स्पिरिट मागितलं तर तो विचारतो, "आंटी, किसको लगा?" म्हटलं, "कॅक्टस को." येडी समजला असणार. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कीड पुसली. बोटांची चाळण झाली. निवडुंग उपटून सडका भाग सुरीने कापला, पार आतला हिरवा गर दिसेपर्यंत. मग आठवडाभर सावलीत पेपरवर नुसता सुकत ठेवला. शेजारच्या बिल्डिंगचं काम चाललंय, तिथून रेती आणि विटांचा चुरा आणून त्यात लावला.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आई, आज कसा आहे?" दोनच मिनिटं. मी चार वाजल्यापासून फोन मांडीवर घेऊन बसायची.

महिन्याभराने हळूच हलवून बघितला, हलेना. मुळं धरली होती. पुढे डोक्यावर कोवळे काटेही आले. फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "वा, आई! आता काही काळजी नाही."

काळजी नाही म्हणजे उद्यापासून फोन नाही, हे मला कळलं. घाईघाईने म्हटलं, "मग येऊन घेऊन जा की तुझा."

"राहू दे, आई. आमच्या खिडकीत ऊन येत नाही."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ऊन नसू दे, झाड नको नेऊस, तू नुसतीच ये. एवढं म्हणायला जीभ का नाही वळली माझी? भांडायला बरी वळते.