नंदीश आणि चौथा भाग

माझ्या नवऱ्याचं नाव नंदीश. तोंडानं मी ते घेत नाही, पण कागदावर 'हे' 'हे' करत बसले तर कुणाला काही कळायचं नाही, म्हणून घेते. जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, हे काम. बोटं इतकी सरावलेली की गिऱ्हाइकाशी गप्पा चालू असतात आणि हाताकडे बघतही नाहीत. मला त्याचं फार कौतुक होतं.

एरवी माणूस शांत. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत. मतं होती ती एकाच विषयावर, आणि तो विषय म्हणजे एका तलवारवाल्याचा व्हिडिओ गेम. वीस वर्षांपूर्वीचा, राक्षस मारत हिंडायचा. त्याचे एकूण पाच भाग. सोलापूरला आयटीआयला असताना मित्राबरोबर, विरुपाक्षबरोबर, सुरू केलेला. विरुपाक्षनं पाचही भाग केव्हाच संपवले, पुण्यात नोकरीला लागला, लग्न केलं, केस गेले. आमचे हे तिसऱ्या भागापर्यंत जायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे.

का, तर चौथा भाग बकवास. पहिल्या तीन भागांत म्हणे कॅमेरा एका जागी उभा असतो, लग्नातल्या फोटोग्राफरसारखा, आणि तलवारवाला त्याच्यासमोर लढतो. चौथ्यात कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात दिला, जग मोकळं केलं, आणि सगळं बिघडलं. दर रविवारी फोनचा स्पीकर लावून भांडण चालायचं.

"राक्षस अचानक कुठूनबी येतो आन् मारतो. ही काय लढाई हाय व्हय?" हे म्हणायचे.

"अरे नंद्या, बाजूनं येताना दिसतो की तो," विरुपाक्ष म्हणायचा.

"काय दिसत न्हाय. ज्यानं केला त्याला अक्कल न्हाय."

मग मी म्हणायचे, चौथा सोडा आणि पाचवा खेळा. तेही नाही. आमच्या घरी श्रावणात पोथीचं पारायण असतं. एकही अध्याय गाळायचा नाही, गाळला तर पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंचा हा नियम यांनी गेमला लावला होता. गेम लावला की सासूबाई, चन्नम्मा त्यांचं नाव, आतून विचारायच्या, "कितवा अध्याय?" आणि हे अगदी गंभीरपणे सांगायचे.

दिवेलागणीच्या आत दुकान बंद. थंडीत तर साडेपाचलाच. गिऱ्हाईक मोटार घेऊन दारात आणि मालक घरी गेममध्ये, असं गावभर झालं होतं. बायका मला टोमणे मारायच्या आणि मी ते व्याजासकट यांना पोचवायचे. हे ऐकून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे घट बसायच्या आधी घर धुवून काढतात. गोधड्या, भांडी, डबे, भिंती, सगळं. फुटकं-तुटकं घरात ठेवायचं नाही. त्या झपाट्यात माझी नजर यांच्या टीव्हीवर गेली. चौदा इंची, मागे ढेरी सुटलेला, बटण काडी घालून दाबावं लागायचं. नळदुर्गला जुना द्या नवा घ्या चाललं होतं. यांना न विचारता मी तो देऊन टाकला आणि भिंतीवर लावायचा मोठ्ठा टीव्ही घेऊन आले. मला वाटलं, माणूस हरखून जाईल.

हे आले. जुन्या टीव्हीच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "चांगला हाय," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

त्यांनी खेळायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत पहिल्या भागातसुद्धा हरायला लागले. ज्या राक्षसाला डोळे झाकून मारायचे, तो यांना मारायचा. मोठ्या पडद्यासमोर मांडी घालून बसायचे आणि कोंबडीसारखी मान इकडून तिकडे, तिकडून इकडे करायचे. मला हसू आवरेना. मी मागून त्याचा व्हिडिओ काढला आणि विरुपाक्षला पाठवला. खाली लिहिलं, 'बघा तुमचा वाघ.'

त्याचा उलट फोन आला. तो हसत नव्हता. "वहिनी, उजवीकडून राक्षस आला तो त्याला दिसलाच न्हाय. वार बसल्यावर मान फिरवली त्यानं. त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या."

सोलापूरच्या डॉक्टरांनी यांचं डोकं एका यंत्रात घालून बसवलं. आत ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. हे अधूनमधूनच दाबत होते. नंतर डॉक्टरांनी कागदावर एक काळं वर्तुळ दाखवलं, मधोमध रुपयाएवढं पांढरं. तेवढंच दिसतं म्हणाले. कडेचं गेलं आहे, अंधारात तर काहीच दिसत नसणार, आणि हे पांढरंही आत आत येत जाणार. लहानपणापासून चालू आहे, आता वेग वाढलाय. औषध नाही. मग त्यांनी विचारलं, आईवडील नात्यातले का? तसं असलं की हे मुलांत उतरतं म्हणाले.

सासूबाईंचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं. आमच्याकडे कर्नाटकच्या सीमेवर ते चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. घरी येऊन मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मला कुनी इचारलं व्हतं का?" एवढंच म्हणाल्या.

मी यांच्यावर भडकले. दिवेलागणीच्या आत घरी पळत येत होता ते दिसत नाही म्हणून, हे सांगता येत नव्हतं का?

"मला वाटायचं अंधारात समद्यांनाच दिसत न्हाय," हे म्हणाले.

मला रडू आलं. इतकी वर्षं मी ज्याला नाद म्हणत होते, तो रस्ता दिसतोय तोवर घरी पोचायचा आटापिटा होता. आणि चौदा इंची टीव्ही आवडत होता, कारण तो त्यांच्या रुपयात मावत होता. मी तो घर स्वच्छ करायचं म्हणून देऊन टाकला. नळदुर्गला जाऊन आले. दुकानदारानं जुने टीव्ही भंगारात घातले होते. भंगारवाल्यानं काच फोडून आतलं तांबं काढलं होतं.

त्या रविवारी विरुपाक्षचा फोन आला तेव्हा भांडण झालंच नाही. हे म्हणाले, "तुझंच खरं व्हतं. गेम चांगला हाय. मलाच दिसत नव्हतं." डॉक्टरांसमोर न हललेला माणूस फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून बसला. आयुष्यात एकच ठाम मत होतं, तेही डोळ्यांबरोबर गेलं. थोड्या वेळानं म्हणाले, "डोळं हायत तवर शेवट बघायचा हाय. चौथा आन् पाचवा. गाळायचं न्हाय."

उपाय त्यांनीच काढला. तसला छोटा टीव्ही आता दुकानात मिळेना. टीव्ही लहान होत नाही, तर आपण लांब जायचं. लांबून सगळं लहान दिसतं आणि रुपयात मावतं. आमचा टीव्ही दाराच्या समोरच्या भिंतीवर. दारापुढे अंगण, अंगणाला फाटक, फाटकाबाहेर रस्ता. हे खोलीच्या या टोकाला सरकले, मग उंबऱ्यात. पण गेम खेळायच्या हातातल्या कंट्रोलरची वायर तोकडी. मोटारीला तार भरणारा माणूस तो, त्यांनी सोलापूरहून केबलचं अख्खं बंडल आणलं आणि जोड दिला. जोडावर काळी टेप.

अंगणात शहाबादी फरशी आहे. मी फरश्यांवरून हिशेब ठेवायला लागले. संक्रांतीला उंबऱ्यापासून दुसरी फरशी. पाडव्याला तिसरी. प्रत्येक वेळी चटई मागे आणि वायरीला नवा जोड. पुढच्या घटाला आठवी. आधी जोड हे स्वतः द्यायचे. मग बारीक तारांचे रंग कळेनात, तेव्हा मी रंग सांगायला लागले. मग सोल्डरिंगही मीच. येणारे-जाणारे हसायचे, घरात एवढा मोठा टीव्ही आणि गडी उन्हात बसून बघतोय. मी कुणाकुणाला सांगू?

दुकान आता अर्धा दिवसच उघडतात. तार अजून बोटांनी भरतात.

मागच्या महिन्यात चौथा भाग संपला. संध्याकाळचे पाच वाजले होते, ऊन होतं. मी दारात धान्य निवडत होते. हे कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाले, "लई चांगला भाग हाय. लई चांगला. मी उगंच शिव्या घातल्या." आतून सासूबाईंनी विचारलं, "कितवा?" हे म्हणाले, "पाचवा लावतोय, अव्वा."

मी पाचव्याची तबकडी घातली. तलवारवाला आला. हे डोळे बारीक करून बघत राहिले.

"मानूस दिसतोय," म्हणाले. "तलवार दिसंना. जरा मागं सरकावं लागंल." त्यांनी मागे हात नेला. हात फाटकाला लागला. क्षणभर तो तसाच फाटकावर राहिला. मग मला विचारलं, "वायर हाय का अजून?"

"लई हाय," मी म्हणाले.

खरंच होती. निम्मं बंडल अजून कपाटावर पडलंय. अंगण संपलं होतं.