गिरणी बंद व्हायचं गाणं

आधी माफी मागून घेतो. लिहिणं हे काही माझं काम नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि लहानपणी घरात छापील असं काय होतं तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि खताच्या पोत्यावरची सूचना. मोठ्या माणसांवर मोठ्या लेखकांनीच लिहावं, हे मला कळतं. पण मी ज्यांच्यावर लिहितोय ते रहिमतपुरात पिठाची गिरणी चालवतात आणि त्यांच्यावर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून धीर करतो. तर सांगायचं ते एवढंच, की एका गाण्यावर आमच्या थोरल्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस सातारा जिल्ह्यात झाला नाही. सांगली जिल्ह्यात एक आहे, पण तो त्या गाण्याचा वैरी. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच राहतो. ते फौजेत ट्रक चालवायचे. शिलाँगला असताना तिथल्याच एका नायक हुद्द्याच्या जवानानं त्यांना एक कॅसेट दिली. विलायतेतल्या चार केसाळ पोरांचा बँड. गिटार, ढोल आणि आरडाओरडा. मामा फौजेत जाईपर्यंत ती पोरं आपापसात भांडून वेगळीही झाली होती. पण मोडायच्या आधी त्यांनी एक संथ गाणं केलं होतं आणि त्याच्यामागे सुटाबुटातले पन्नास-साठ व्हायोलिनवाले बसवले होते. कॅसेटमधलं ते शेवटचं गाणं. त्यानं मामांना जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. मामांना इंग्रजी फारसं येत नाही. पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतल्याच्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून गाणं लावलं आणि विचारलं, "आता तू कालेजात गेलास. सांग, काय म्हनतोय त्यो?" मी घाबरत घाबरत म्हणालो, "मामा, तो कुणाची तरी वाट बघतोय." "कुनाची?" "ते सांगितलं नाही त्यानं." मामांचं समाधान झालं. "शाना हाय. घरची गोष्ट भाईर सांगू न्हाई."

आमच्याकडे चहा 'एक गाणंभर' उकळतो. गाणं लावण्याआधी मामा हात धुतात आणि ते चालू असताना कुणाशी बोलत नाहीत. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं उंबऱ्यावर थांबवून ठेवलं होतं. व्हायोलिनं चढायला लागली की मामा जात्यावरचं पीठ झाडायचा कुंचा उचलतात आणि त्या साठ माणसांना वाजवायला लावतात, आणि शेवटी सगळी गिरणी पांढरी होते आणि मधोमध मामा. मामी म्हणतात, "साठ जन वाजीवत्यात, पन झाडायला आमी दोगी मायलेकीच."

गिरणी चालू असताना ते गाणं लावणं मामांना पाप वाटतं. ते लागतं फक्त संध्याकाळी, शेवटचं दळण संपून पट्टा थांबला की. मैफलीच्या शेवटी भैरवी असते, तसं. त्यामुळे गावात एक वेगळीच रीत पडली. बायकांना तो बँड माहीत नाही, विलायत माहीत नाही, पण लांबून पहिलं व्हायोलिन ऐकू आलं की डबा डोक्यावर घेऊन निघालेली बाई रस्त्यातूनच परत फिरते. "चल माघारी. गिरणी बंद व्हायचं गानं लागलं." गावात त्या गाण्याचं नाव तेच आहे.

आता सांगलीबद्दल. गिरणीत मसाला आणि हळदही दळतात, त्यामुळे मामा दरवर्षी हळकुंडं आणायला पॅसेंजरनं सांगलीला जातात. एके वर्षी पोती उचलायला मीही गेलो होतो. एका पेढीवर आम्ही भाव विचारायला चढलो आणि मामा दारातच थबकले. आत बारीक आवाजात तोच बँड चालू होता.

"ह्ये कुनी लावलंय?" मामांनी विचारलं.

गादीवरचे शेट म्हणाले, "मी. का, आवाज जास्त होतोय?"

"कमी हुतोय," मामा म्हणाले.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दोन पोक्त माणसं हळकुंडांच्या ढिगात उभी राहून एकमेकांना मिठी मारत होती. शेटनी चहा मागवला, भडंग मागवलं, मामांचा नंबर लिहून घेतला, हमालांना आवाज करू नका म्हणून सांगितलं. दोन जिल्ह्यांत मिळून त्या बँडचे दोनच चाहते, आणि ते मांडीला मांडी लावून बसले होते. एकामागून एक गाणी झाली. शेवटचं लागणार एवढ्यात शेटनी हात लांबवून बटण बंद केलं.

"शेट, एक ऱ्हायलं," मामा म्हणाले.

"ते आम्ही लावत नाही."

"का बरं?"

"फौजी, चार पोरांचा झकास संसार होता. त्यात साठ पाहुणे आणून बसवले. झणझणीत रश्शात दूध ओतलं हो! मी आयुष्यात ते गाणं पहिल्या कडव्याच्या पुढं ऐकलेलं नाही आणि ऐकणारही नाही."

मामांनी कप खाली ठेवला. "पाव्हनं आल्याबिगर घराला शोभा न्हाई, शेट," एवढंच बोलून ते पायऱ्या उतरले. आम्ही रिकामी पोती घेऊन परत आलो. मामींनी विचारलं, "हळद कुटाय?" मामा म्हणाले, "हळदीचं जाऊ दे. मानूस घावला." मामी म्हणाल्या, "मग काय मानूस दळू व्हय?"

पण पुढच्याच रविवारी शेटचा फोन आला. त्या दिवसापासून दर रविवारी फोन, आणि दर रविवारी भांडण. मामा त्यासाठी गिरणी बंद ठेवायचे. "शेट, तुमाला कान न्हाईत." "फौजी, तुम्हाला दुसरं गाणं नाही." इंटरनेटवर त्या गाण्याखाली जगभरच्या लोकांनी हजारो मतं लिहून ठेवली आहेत. निम्मे म्हणतात याहून थोर गाणं नाही, निम्मे म्हणतात बँड इथेच मेला. मामा मला ती वाचून दाखवायला लावायचे. कौतुक असलं की म्हणायचे, "बग, मानसाला जान हाय." नावं ठेवलेली असली की मोबाईल हातात घेऊन निरखून बघायचे. "कुटला म्हनतोस? ब्राझीलचा? न्हाई रं. ह्यो सांगलीचाच हाय."

मला स्वतःला ते गाणं बरं वाटायचं. बरंच. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी ताईचं, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. एका रविवारी शेट फोनवर म्हणाले, "फौजी, ज्यांनी तुमचा बँड बापजन्मी पाहिला नाही अशी माणसं ते गाणं ऐकून जागेवर गप्प उभी राहिली, तर मी हरलो. माझ्या पेढीवर लावीन." मामा ताडकन म्हणाले, "मग या लग्नाला. लेकीच्या पाठवनीला त्येच वाजनार." मामींच्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं. "पाठवनीला इंग्रजी? आन् कुनी रडलंच न्हाई तर? लोकं म्हनतील पोरगी जड झाल्ती." त्या रात्री मामींनी अबोला धरला, पण मामा माघार घेईनात. ताईलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाजवा. मी रोज त्याच गाण्यावर झाडलंय."

गावच्या बँडचे मास्तर गिरणीत आले. मोबाईल कानाला लावून डोळे मिटून त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "सगळं बेस हाय. पन ह्यात नाचायचं कुटं?"

"नाचायचं न्हाई. हुबं ऱ्हायचं."

"मग पैसं कोन उधळनार?" मास्तर हळहळले. पण माणूस हौशी. साठ व्हायोलिनांच्या जागी चार क्लॅरिनेट, खालून की-बोर्ड, आणि मध्ये जिथे एकटी गिटार रडते तिथेही क्लॅरिनेटच, असं ठरलं. मामा रोज संध्याकाळी कुंचा घेऊन तालमीला जायचे.

शेट आले. हळदीच्या आदल्या दिवशीच त्यांनी सांगलीहून हळद पाठवली होती, आणि मांडवात शिरता शिरता म्हणाले, "हळद आमची, गाणं तुमचं. बघू काय चढतंय." मामा हसले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला म्हणाले, "पोरीची पाठवनी हाय रं. माज्या हट्टापायी हसं झालं तर तोंड कुटं दावू?"

पाठवणीची वेळ झाली. गाडी फुलांनी सजलेली. मास्तरांनी हात वर केला आणि क्लॅरिनेट सुरू झाली. नवऱ्याकडची पोरं नाचायच्या तयारीनं पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून तशीच थांबली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी शेटकडे बघितलं, ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, गिरनी बंद झाली!"

सगळ्या बायका हसल्या. आणि हसता हसता ती म्हातारीच गप्प झाली. मग बारीक आवाजात म्हणाली, "आता डब्यावर खडूनं नाव घालायला कोन बसायचं गं?"

तिथं काहीतरी सुटलं. गिरणीच्या पायरीवर बसून इतकी वर्षं प्रत्येकीच्या डब्यावर ताईनंच नाव घातलं होतं. प्रत्येकीची सासू, पोरं, पाठदुखी तिला माहीत होती. एकीनं पदर डोळ्याला लावला, मग दुसरीनं, आणि मग सगळा मांडवच. नवऱ्याकडच्यांना काही कळत नव्हतं, तरी तेही स्तब्ध उभे होते. आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला. मामी सगळ्यांत मोठ्यानं रडत होत्या. क्लॅरिनेट चढत गेल्या, मामांचा रिकामा हात सवयीनं वर गेला, आणि मग त्यांनी तो खाली घेतला आणि परेडला उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. ताई त्यांच्या गळ्यात पडली तरी ते तसेच उभे होते. फक्त हनुवटी हलत होती. त्या दिवशी मला ते गाणं कळलं. शब्द अजूनही सगळे कळलेले नाहीत.

गाडी गेली. मामांनी वळून पाहिलं तर खांबाजवळ कुणी नव्हतं. शेट न बोलता निघून गेले होते. मामांनी माझ्या पाठीत असा धपका मारला की मी दोन पावलं पुढे गेलो. "पळाला गड्या! चितपट! आखाडा सोडून पळाला!" चार दिवस मामा जिंकलेल्या पैलवानासारखे गावातून हिंडत होते. पारावर, सोसायटीत, स्टँडवर, जो भेटेल त्याला कुस्ती पहिल्यापासून सांगत होते. म्हातारीला त्यांनी जन्मभराचं दळण फुकट करून टाकलं.

मग रविवार आला. मामांनी गिरणी बंद ठेवली आणि फोन समोर घेऊन बसले. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मामांनी स्वतः एकदा लावून बघितला, शेटनी उचलला नाही. फौजी माणूस, पुन्हा लावला नाही. हळूहळू संध्याकाळचं गाणंही बंद झालं. बायका दिवस मावळताना डबे घेऊन दारात घोटाळायच्या. "आवं भाऊ, आज चालू हाय का बंद?" जिंकलेल्या माणसाच्या घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच बघत होतो. एकदा मामा डब्यावर स्वतःच खडूनं नाव घालत होते. अक्षर वाकडं येत होतं. मान वर न करता म्हणाले, "ताईचा फोन रोज येतो. भांडायला मातर कुनाचा येत न्हाई."

गेल्या आठवड्यात भर दुपारी बँडमास्तर ज्वारीचा डबा घेऊन आले. गिरणीच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "सांगलीची सुपारी मिळाली! तुमच्या शेटच्या पोराचं लगीन हाय. त्येच गानं पायजे म्हनत्यात."

मामांनी बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"आनि काय म्हनला?"

मास्तर जरा चाचरले. "राग नगा धरू. म्हनले, साताऱ्याकडं लय मऊ वाजीवलं. मधी जितं एकली गिटार हाय, तितं तुमी क्लॅरिनेट घातली, तितं माजा जीव गेला म्हनले. आमच्या लग्नाला मी खरी गिटार आनतो, तुमी निस्ते मागं ऱ्हावा. आन् फौजीला सांगू नगा, त्येचं डोस्कं चडंल."

मामांनी कुंचा उचलला, परत ठेवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "गिटार कितव्या कडव्यानंतर हाय रं?"

"तिसऱ्या, मामा."

"तिसऱ्या," ते म्हणाले. "आन् ह्यो म्हनायचा, पयल्याच्या फुडं ऐकलंच न्हाई. मांडवात तर गिटार नव्हतीच." पिठानं पांढरे झालेले हात त्यांनी विजारीला पुसले आणि पायरीवर, ताई बसायची तिथे, सावकाश बसले.

"म्हंजे घरी लावतोय त्यो," मामा म्हणाले. "घरी लावतोय गड्या."